एसएसएल आहे, तरी ‘नॉट सिक्युअर’: पानातला असुरक्षित मजकूर शोधून दुरुस्त कसा करावा

एसएसएल (साइट आणि ब्राउझर यांच्यातली माहिती कुलूपबंद करणारं प्रमाणपत्र) बसवलं, पत्त्यात एचटीटीपीएस (सुरक्षित मार्गाची खूण) दिसतं, तरी ब्राउझर ‘नॉट सिक्युअर’ म्हणतो. नाहीतर इशारा येत नाही, पण पानावरचा नकाशा आणि फोटो गायब होतात. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या पतसंस्था, शाळा, गावोगावच्या साहित्य संमेलनांच्या समित्या, कुंद्याची आणि साड्यांची दुकानं यांच्या जुन्या वेबसाइटींवर हा दोष हमखास सापडतो. उपाय मात्र उलट्या क्रमाने होतो: आधी नवं एसएसएल विकत घेतलं जातं, मग एखादं प्लगइन (साइटला जोडायचा तयार पूरक प्रोग्राम) टाकलं जातं, आणि मूळ कारण तसंच राहतं.

कारण असं की पान सुरक्षित मार्गाने येतं, पण त्यातला एखादा फोटो, फॉन्ट, स्क्रिप्ट किंवा व्हिडिओची चौकट अजून एचटीटीपी:// ने, म्हणजे ‘एस’ नसलेल्या जुन्या, असुरक्षित मार्गाने मागवली जाते. याला मिक्स्ड कंटेंट म्हणतात. एसएसएल कितीही महागाचं घ्या, पानाच्या आत लिहिलेला जुना पत्ता त्याने बदलत नाही. तो पत्ता शोधून बदलणं हेच खरं काम, आणि ते पुढच्या क्रमानेच करा.

## १. आधी दोष कुठला आहे ते ओळखा

तीन वेगळ्या तक्रारी एकाच शब्दांत येतात: ‘साइट सिक्युअर नाही म्हणतंय.’ पत्त्याच्या पट्टीत नेमकं काय दिसतं ते विचारा.

अख्खं पान अडतं आणि ‘युअर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट’ येतं. हा एसएसएलचा दोष, मिक्स्ड कंटेंटचा नाही. मुदत संपली असेल किंवा एसएसएल फक्त डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू असलेल्या नावाला असेल, नसलेल्याला नसेल. लेट्स एन्क्रिप्टच्या मोफत एसएसएलची नेहमीची मुदत ९० दिवसांची, त्यामुळे आपोआप नूतनीकरण बंद पडलं की तीन महिन्यांच्या आत हे होतंच. तक्रार एकाच संगणकावरून येत असेल तर त्यावरची तारीख बघा. ऑफिसातल्या जुन्या डेस्कटॉपची मदरबोर्डवरची बॅटरी संपली की घड्याळ मागे जातं आणि जगातली प्रत्येक सुरक्षित साइट त्याला चुकीची वाटते. अँड्रॉइड ७.० किंवा त्याआधीच्या फोनवरही लेट्स एन्क्रिप्टचं एसएसएल अडू शकतं. अशा फोनवर फायरफॉक्स चालतो, कारण तो विश्वासार्ह प्रमाणपत्रांची यादी स्वतःबरोबर आणतो.

पत्ताच एचटीटीपी:// ने सुरू होतो. एसएसएल आहे, पण लोकांना तिकडे वळवलेलं नाही. टप्पा ७ बघा.

पत्ता एचटीटीपीएस आहे, तरी इशारा येतो किंवा पानाचे तुकडे गायब आहेत. हा मिक्स्ड कंटेंट. लेखाचा पुढचा भाग यासाठी.

कुलूप दिसतं का, यावर निदान करू नका. सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या क्रोम ११७ पासून पट्टीत कुलपाऐवजी सेटिंगचं चिन्ह आहे. शिवाय क्रोम आणि फायरफॉक्स १२७ पासूनचे फायरफॉक्स फोटो, ऑडिओ, व्हिडिओ यांचा पत्ता स्वतःच एचटीटीपीएस करून बघतात. तिथे फाइल मिळाली तर सगळं ठीक दिसतं, नाही मिळाली तर फोटो येत नाही. म्हणून आजकाल हा दोष इशाऱ्यापेक्षा रिकाम्या चौकटीच्या रूपानेच जास्त भेटतो.

## २. तयारी

होस्टिंगच्या कंट्रोल पॅनेलचा, डोमेनचा आणि वेबसाइटच्या अ‍ॅडमिनचा, असे तिन्ही पासवर्ड हातात येईपर्यंत कामाला लागू नका. साइट बनवून देणारा मुलगा पुण्याला किंवा बेंगळूरला नोकरीला गेला आहे आणि डोमेन त्याच्याच ईमेलवर आहे, हे आपल्या भागात नेहमीचं. अर्धं काम झाल्यावर हे कळलं तर साइट अधांतरी राहते.

बॅकअप दोन गोष्टींचा घ्यायचा: सगळ्या फाइल्स आणि डेटाबेस. तो आपल्या संगणकावर उतरवून घ्या, त्याच सर्व्हरवर ठेवलेला बॅकअप धरू नका. डेटाबेसची फाइल उघडून शेवटच्या ओळी बघा. मोठी फाइल निर्यात करताना मध्येच तुटते आणि ते नंतर, परत चढवताना लक्षात येतं.

वेळ निवडताना साइटचा वापर बघा. पतसंस्थेची साइट महिनाअखेरीला हात लावण्याची नाही, कुंद्याच्या दुकानाची गणपती-दिवाळीच्या तोंडावर नाही.

> तपासा: एचटीटीपीएस लावून साइटचा पत्ता दोन्ही प्रकारे उघडा, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसह आणि त्याविना. दोन्ही एसएसएलचा इशारा न देता उघडले तरच पुढे जा.

## ३. यादी करा

सगळ्यात जास्त घाई इथे होते. लोक फक्त मुखपृष्ठ बघतात. पानाच्या प्रत्येक जातीचा एक नमुना बघायला हवा: मुखपृष्ठ, एक जुनी बातमी, एक नवी बातमी, फोटोंचं दालन, संपर्काचं पान, सभासद लॉगिन, आणि साइट दोन भाषांत असेल तर कन्नड बाजूची तीच पानं. कन्नड आवृत्ती बहुधा वेगळ्या वेळी, वेगळ्या माणसाने केलेली असते आणि तिचे पत्ते निराळे असतात.

क्रोमच्या इनकॉग्निटो खिडकीत पान उघडा, एफ१२ दाबा. नेटवर्क टॅबमध्ये ‘डिसेबल कॅशे’वर (कॅशे म्हणजे साठवलेली जुनी प्रत) खूण करा आणि पान पुन्हा लोड करा. आता कन्सोल टॅब. ‘मिक्स्ड कंटेंट’ने सुरू होणारी प्रत्येक ओळ म्हणजे एक दोष, आणि त्या ओळीत पान व फाइल या दोघांचे पत्ते असतात. मग खिडकी अरुंद करून मोबाइलच्या आकारात पुन्हा लोड करा. मोबाइलला वेगळा बॅनर, वेगळ्या मापाचे फोटो जातात, त्यांचे पत्ते मोठ्या पडद्यावर दिसत नाहीत.

कागदावर चार रकाने आखा: कोणत्या पानावर, फाइलचा पूर्ण पत्ता, प्रकार (फोटो, फॉन्ट, स्क्रिप्ट, चौकट, फॉर्म), आपल्या सर्व्हरवर की परक्या. हा चौथा रकाना पुढचं सगळं काम ठरवतो.

यादीत काय घ्यायचं नाही हेही बघा. बातमीत दुसऱ्या साइटची साधी लिंक एचटीटीपी:// ने असेल तर तो मिक्स्ड कंटेंट नाही, कारण ती फाइल आपल्या पानात येतच नाही. तसंच एसव्हीजी चित्रांच्या सुरुवातीला डब्ल्यू३.ऑर्गचा एचटीटीपी:// असलेला पत्ता असतो. तो पत्ता नव्हे, ओळखखूण आहे. त्यात ‘एस’ घातलात तर चित्रच बंद पडतं. ‘सगळीकडचं एचटीटीपी शोधा आणि एचटीटीपीएस करा’ असा सरसकट बदल म्हणूनच धोक्याचा.

> सावधान: आपल्या संगणकावर लोकलहोस्टमध्ये साइट चालवून तपासणी करू नका. लोकलहोस्टला ब्राउझर विश्वासार्ह मानतो, त्यामुळे तिथला एचटीटीपी चालून जातो आणि दोष झाकला जातो.

## ४. आपल्या सर्व्हरवरचे पत्ते बदला

यादीतली आपली प्रत्येक फाइल ‘एस’ लावून ब्राउझरमध्ये उघडून बघा. उघडली तर फक्त पत्ता बदलायचा आहे. नाही उघडली तर फाइल हरवली आहे किंवा एसएसएल नसलेल्या उपडोमेनवर (मुख्य नावाआधी शब्द जोडलेल्या पत्त्यावर) आहे. तिथे पत्ता बदलून भागत नाही, फाइल मुख्य साइटवर आणावी लागते.

वर्डप्रेसमध्ये (साइट बनवायच्या तयार प्रणालीत) हा क्रम ठेवा.

पहिल्यांदा सेटिंग्ज, जनरलमध्ये वर्डप्रेस अ‍ॅड्रेस आणि साइट अ‍ॅड्रेस हे दोन्ही एचटीटीपीएस करा. वर्डप्रेस ५.७ पासून टूल्समधल्या साइट हेल्थमध्येही यासाठी एका क्लिकचं बटण आहे. एसएसएल नीट नसताना हे केलं तर अ‍ॅडमिनमध्ये शिरता येत नाही. तसं झालंच तर डब्ल्यूपी-कॉन्फिग फाइलमध्ये डब्ल्यूपी_होम आणि डब्ल्यूपी_साइटयूआरएल हे दोन पत्ते तात्पुरते लिहून आत जाता येतं.

यानंतर जुन्या बातम्यांमधले पत्ते. इथे पीएचपीमायअ‍ॅडमिनमध्ये (डेटाबेस थेट बदलायच्या साधनात) जाऊन साधी ‘रिप्लेस’ आज्ञा चालवणं ही सगळ्यात महागडी चूक. वर्डप्रेस, थीम आणि प्लगइन आपल्या सेटिंग्ज डेटाबेसमध्ये सीरियलाइज करून ठेवतात, म्हणजे प्रत्येक मजकुराआधी त्याची लांबी लिहिलेली असते. एचटीटीपीचं एचटीटीपीएस झालं की मजकूर एका अक्षराने वाढतो, आधीचा आकडा तोच राहतो, आणि वर्डप्रेस ती नोंद वाचूच शकत नाही. विजेट गायब, मेनू रिकामा, थीमचे रंग पहिल्यासारखे. हा आकडा बाइट्सचा असतो आणि देवनागरी व कन्नडचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट्सचं, त्यामुळे हाताने मोजून दुरुस्त करायला जाऊ नका.

त्याऐवजी सीरियलाइज समजणारं साधन वापरा. ‘बेटर सर्च रिप्लेस’ प्लगइन चालतं. सर्व्हरवर कमांड लाइन मिळत असेल तर डब्ल्यूपी-सीएलआयची सर्च-रिप्लेस आज्ञा त्याहून खात्रीची. दोन्हींत आधी ‘ड्राय रन’: बदल न करता किती जागा सापडल्या तेवढं दिसतं. शोधायचा मजकूर नुसता ‘एचटीटीपी://’ नको, पुढे आपलं पूर्ण डोमेन हवं. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू असलेलं आणि नसलेलं असं दोनदा चालवा. जीयूआयडी रकाना वगळा, तो फीड वाचणाऱ्यांसाठी कायम ठेवायची ओळख आहे.

साइट एलेमेंटरने (पानं रचायच्या वर्डप्रेस प्लगइनने) बांधली असेल तर एवढ्याने भागत नाही. त्याच्या नोंदीत तिरप्या रेघेआधी उलटी तिरपी रेघ असते, म्हणजे एचटीटीपी:\/\/ असं लिहिलेलं असतं, आणि साध्या शोधात ते सापडत नाही. एलेमेंटरच्याच टूल्समधलं ‘रिप्लेस यूआरएल’ वापरा आणि नंतर त्याच्या सीएसएस (पानाची सजावट ठरवणाऱ्या) फाइल्स पुन्हा तयार करून घ्या.

शेवटी थीमच्या फाइल्स. हेडर, फूटर, सीएसएसमधली बॅकग्राउंड चित्रं आणि इम्पोर्टच्या ओळी डेटाबेसमध्ये नसतात, त्या फाइल मॅनेजरमधूनच बदलाव्या लागतात. वर्डप्रेस नसलेल्या, हाताने लिहिलेल्या साइटीत हेच मुख्य काम. तिथे पूर्ण पत्त्याऐवजी डोमेन गाळून, तिरप्या रेघेने सुरू होणारा पत्ता लिहा.

> तपासा: टप्पा ३ ची यादी घ्या, पानं पुन्हा उघडा. आपल्या डोमेनची एकही ओळ कन्सोलमध्ये उरली नाही, तरच पुढे.

## ५. फॉन्ट: मराठी-कन्नड साइटींचा खास त्रास

फॉन्ट एचटीटीपी:// ने मागवला तर ब्राउझर तो सरळ अडवतो, फोटोसारखा स्वतःहून बदलून बघत नाही. इंग्रजी साइटीवर याचा परिणाम म्हणजे अक्षरांचं वळण बदलतं, इतकंच. जुन्या मराठी साइटीवर अख्खी बातमी वाचता येत नाही. युनिकोडच्या (आज सर्वत्र चालणाऱ्या अक्षर-संकेताच्या) आधीच्या फॉन्टांत टंकलेला मजकूर आत रोमन अक्षरांतच साठवलेला असतो, देवनागरी फक्त फॉन्टमुळे दिसते. फॉन्ट अडला की पानभर अर्थहीन रोमन अक्षरं आणि चिन्हं. कन्नड बाजूला नुडीच्या जुन्या फॉन्टांतल्या मजकुराचं हेच होतं.

तातडीचा उपाय: फॉन्टची फाइल आपल्या सर्व्हरवर ठेवा आणि सीएसएसमध्ये डोमेनविना पत्ता द्या. डोमेन लिहिलंत आणि पान डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूविना उघडलं, फॉन्ट डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसह मागवला, तर दोन्ही एचटीटीपीएस असूनही फॉन्ट अडतो. दुसऱ्या नावावरून फॉन्ट घ्यायला त्या सर्व्हरची वेगळी परवानगी लागते, आणि ब्राउझरच्या लेखी डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू हे दुसरं नाव आहे. पुष्कळ जण इथे दिवस घालवतात.

कायमचा उपाय म्हणजे मजकूर युनिकोडमध्ये आणणं. परिवर्तकातून काढल्यावर जोडाक्षरं, रफार, आणि पहिली वेलांटी योग्य अक्षरावर बसली का हे डोळ्यांनी वाचून बघा. नावं आणि आकडे तर मूळ छापील प्रतीशी ताडून बघा. पतसंस्थेच्या अहवालात एक आकडा फिरला तर त्याची भरपाई वेबसाइटच्या दुरुस्तीने होत नाही. मजकूर युनिकोड झाला की जुना फॉन्ट सीएसएसमधून काढून टाका, नाहीतर तोच फॉन्ट नव्या मजकुरावर लागून राहतो.

## ६. परक्या सर्व्हरवरच्या गोष्टी

यूट्यूब, गुगल मॅप, फेसबुकची चौकट यांचे पत्ते नुसते एचटीटीपीएस करा, ते चालतात. जुना एम्बेड कोड असेल तर तो दुरुस्त करत बसण्यापेक्षा त्या सेवेकडून नवा घ्या. भेट देणाऱ्यांची संख्या दाखवणारे जुने काउंटर, पंचांगाचे आणि हवामानाचे विजेट: ‘एस’ लावून उघडत नसतील तर काढून टाका. पर्याय शोधण्याइतकं त्यांचं मोल नाही. परक्या साइटीवरून थेट ओढलेले फोटो परवानगी असेल तर आपल्याकडे उतरवून घ्या, नसेल तर तेही काढा.

अवघड प्रकरण थेट प्रक्षेपणाचं. देवळातला कॅमेरा, भजनाचा ऑडिओ किंवा इंटरनेट रेडिओ यांचा पत्ता बहुधा नुसता आयपी क्रमांक आणि पुढे ८००० सारखा पोर्ट असा असतो. ‘एस’ लावला की तो उघडतच नाही. तीन वाटा आहेत. प्रक्षेपण देणाऱ्याकडे एचटीटीपीएसचा पत्ता मागणे, ही पहिली. आपला स्वतंत्र सर्व्हर असेल तर एनजिनएक्सच्या रिव्हर्स प्रॉक्सीने (मध्ये राहून मागणी पुढे पोचवणाऱ्या सोयीने) तोच प्रवाह आपल्या सुरक्षित पत्त्याखाली आणता येतो, ही दुसरी. शेअर्ड होस्टिंगवर मात्र तिचा हट्ट धरू नका. ते जमत नसेल तर प्लेअर काढून तिथे साधी लिंक द्या, ती वेगळ्या खिडकीत उघडेल. कॅमेऱ्यासाठी यूट्यूब लाइव्हची चौकट याहून सोपी.

## ७. फॉर्म, डाउनलोड आणि वळवणं

साड्यांच्या ऑर्डरचा किंवा कर्जाच्या चौकशीचा फॉर्म एचटीटीपी:// पत्त्यावर माहिती पाठवत असेल, तर पान कितीही नीट दिसो, बटण दाबल्यावर क्रोम पानभर इशारा देतो. गिऱ्हाईक तिथून परत फिरतं. फॉर्मच्या ‘अ‍ॅक्शन’मधला पत्ता बदला. ‘सर्व्हर आपोआप एचटीटीपीएसवर वळवतो की’ असं म्हणून तो तसाच ठेवू नका: ३०१ ने (कायमचं वळवण्याच्या सर्व्हरच्या संकेताने) वळवताना ब्राउझर पोस्टचं (माहिती पाठवण्याच्या मागणीचं) गेट (नुसती पान मागण्याची मागणी) करतो, भरलेली माहिती वाटेत गळते आणि ऑफिसला रिकामा फॉर्म मिळतो. आणि तोवर ती माहिती एकदा उघड्यावरून गेलेलीही असते.

वार्षिक अहवाल, प्रवेश अर्ज, सभेची नोटीस यांच्या पीडीएफ लिंकाही यातच बघा. सुरक्षित पानावरून एचटीटीपी:// ने उतरवायच्या फाइली क्रोम अडवतो.

आता ३०१ चा नियम, म्हणजे एचटीटीपीवर आलेल्या प्रत्येकाला एचटीटीपीएसकडे पाठवणं. अपाचे सर्व्हरवर तो एचटीअ‍ॅक्सेस फाइलमध्ये, ‘बिगिन वर्डप्रेस’च्या ओळीच्या वर लिहा. त्या आतला भाग वर्डप्रेस स्वतः पुन्हा लिहितो, तिथे घातलेला नियम कधीतरी पुसला जातो. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू ठेवायचं की नाही तेही याच नियमात ठरवा, दोन वेगवेगळ्या उड्या नकोत.

> सावधान: साइट क्लाउडफ्लेअरमागे (वाचक आणि सर्व्हर यांच्यामध्ये राहणाऱ्या प्रॉक्सी सेवेमागे) असेल आणि तिथे ‘फ्लेक्झिबल’ पर्याय असेल, तर नियम घालताच ‘टू मेनी रीडायरेक्ट्स’ येतं. या पर्यायात क्लाउडफ्लेअर आपल्या सर्व्हरशी एचटीटीपीनेच बोलतो, सर्व्हर त्याला परत वळवतो, आणि चक्र थांबत नाही. सर्व्हरवर एसएसएल बसवून ‘फुल स्ट्रिक्ट’ निवडा.

अशा प्रॉक्सीमागे वर्डप्रेसला वाटतं की पान एचटीटीपीने मागवलं आहे, आणि तो नवे पत्तेही तसेच तयार करतो. डेटाबेस स्वच्छ असूनही दोष परत येत असेल तर डब्ल्यूपी-कॉन्फिगमध्ये एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो हेडर (मूळ मागणी एचटीटीपीएसने होती का ते सांगणारी नोंद) वाचण्याच्या ओळी घाला, आणि त्या ‘स्टॉप एडिटिंग’च्या सूचनेच्या वर असू द्या.

## ८. जाळी आत्ता लावा, आधी नाही

कंटेंट-सिक्युरिटी-पॉलिसी या हेडरमध्ये (सर्व्हर पानाबरोबर ब्राउझरला पाठवतो त्या सूचनेत) ‘अपग्रेड-इनसिक्योर-रिक्वेस्ट्स’ लिहिलं की ब्राउझर पानातला प्रत्येक एचटीटीपी पत्ता एचटीटीपीएस करून मागवतो. सर्व्हरच्या सेटिंगला हात पोचत नसेल तर हेच पानाच्या हेडमध्ये मेटा टॅगनेही देता येतं. ही एक ओळ पहिल्याच दिवशी टाकून मोकळं होण्याचा मोह आवरा. ज्या फाइलची एचटीटीपीएस प्रत नाही ती या ओळीने येत नाही, फक्त तुटते, आणि कन्सोलमधले इशारे नाहीसे झाल्याने शोधायचं काय तेच कळत नाही. पत्ते आपोआप बदलणाऱ्या प्लगइनांचंही तसंच: प्लगइन बंद पडलं की दोष पहिल्या जागी. टप्पा ४ ते ७ झाल्यावर मात्र ही ओळ ठेवाच, कारण उद्या कोणीतरी जुन्या बातमीतला फोटो जुन्या पत्त्यासकट चिकटवणार आहे.

## ९. कॅशे आणि फेरतपासणी

कॅशे या क्रमाने रिकामा करा: कॅशेचं प्लगइन, होस्टिंगचा कॅशे, क्लाउडफ्लेअर, शेवटी आपला ब्राउझर. उलटं केलंत तर आतला जुना मजकूर पुन्हा बाहेरच्या थरात भरतो. साइटला मोबाइल अ‍ॅपसारखं ‘इन्स्टॉल’ करायची सोय असेल तर एफ१२ च्या अ‍ॅप्लिकेशन टॅबमधून सर्व्हिस वर्करही (ब्राउझरमध्ये राहून जुनी प्रत देऊ शकणारी स्क्रिप्ट) काढून बघा.

टप्पा ३ ची पूर्ण यादी आता दोन ब्राउझरांत आणि वाय-फाय बंद करून फोनच्या डेटावर तपासा. फॉर्म प्रत्यक्ष भरून पाठवा आणि ऑफिसच्या ईमेलवर मजकुरासकट पोचला का ते बघा.

## १०. एचएसटीएस, पण सगळ्यात शेवटी

एचएसटीएस हे हेडर ब्राउझरला सांगतं की या साइटीला यापुढे एचटीटीपीने भेटूच नको. मिक्स्ड कंटेंटवरचा हा उपाय नाही. ब्राउझर एचएसटीएसकडे बघण्याआधीच पानातली असुरक्षित मागणी अडवतो. मॅक्स-एज (ब्राउझरने ही सूचना किती वेळ लक्षात ठेवायची तो आकडा) पहिल्यांदा ३०० सेकंद ठेवा, आठवडाभर तक्रार आली नाही तर वाढवत ३१५३६००० वर, म्हणजे एक वर्षावर न्या. सेट झालेला आकडा लोकांच्या ब्राउझरमध्ये बसतो, आपल्याकडून तो लगेच पुसता येत नाही. ‘इन्क्लूड सबडोमेन्स’ लावण्याआधी सगळी उपडोमेनं लिहून काढा: ईमेलचं पॅनेल, जुना ई-पेपर, सभासदांचं खातं बघायचं पान. त्यातल्या एकालाही एसएसएल नसेल तर ते त्या क्षणापासून उघडायचं थांबतं, आणि पानावर ‘तरीही पुढे जा’ असं बटणही येत नाही.